डोस्टलांचा रविवार

मित्रांनो, मला दार नाही. खिडकीही नाही. बारा दगडी खांब, वर ओकच्या वाशांचं छप्पर, उत्तरेच्या टोकाला माणूस वाकून आत शिरेल एवढी मोठी शेकोटी आणि खाली नऊ लांब टेबलं, एवढाच माझा संसार. सहलीला आलेल्या माणसांना ऊन-पाऊस लागू नये म्हणून मला बांधलं. आयोवा राज्यातल्या हॅचेट क्रीक उद्यानात, तळ्याकडे उतरणाऱ्या टेकडीवर मी उभा आहे. मला सगळं दिसतं आणि सगळं ऐकू येतं. बोलता मात्र येत नाही. आज तुम्हाला जे सांगतोय, ते एका माणसाला वेळेवर सांगता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

माझा जन्म मंदीच्या काळातला. शेतं धुळीला मिळाली होती, कारखाने बंद होते. सरकारने बेकार पोरांच्या छावण्या उभारल्या आणि त्यांना झाडं लावायला, धरणं बांधायला धाडलं. तशी दोनशे पोरं इथे आली. तेव्हा इथे नुसता ओढा होता आणि गुरांनी खाऊन उजाड केलेली टेकडी होती. पोरांनी पलीकडच्या खाणीतून पिवळसर चुनखडीचे दगड काढले, घोड्यांच्या गाडीतून आणले आणि छिन्नीने घडवले. शेकोटीची कमान एमिल डोस्टल नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोराने बसवली. त्याचे आईबाप बोहेमियातून आलेले शेतकरी होते. कमानीचा मधला दगड तीनदा निसटला. चौथ्यांदा बसला तेव्हा मुकादम म्हणाला, “डोस्टल, हा पडला तर तुला त्याच्याखाली पुरीन.” तो दगड अजून पडलेला नाही.

पोरांनी ओढ्यावर बांध घातला आणि तळं झालं. तळ्याकाठी गाड्या भरभरून वाळू आणून टाकली. कपडे बदलायला दगडी घर झालं, होड्यांचा धक्का झाला, जंगलातून कपारीपर्यंत पायवाट गेली. उद्घाटनाच्या दिवशी बँड वाजला. आजूबाजूच्या चार परगण्यांतून माणसं आली. बहुतेकांनी एवढं पाणी पहिल्यांदाच एका जागी पाहिलं होतं. बायका बूट काढून नुसत्या काठाशी उभ्या राहिल्या.

मग युद्ध आलं आणि पोहायची वाळू ओस पडली. एमिल सुखरूप परत आला. त्याने लग्न केलं, शेती घेतली आणि एका ऑगस्टमध्ये सगळ्या भावाबहिणींना माझ्याकडे जेवायला बोलावलं. तेव्हापासून ऑगस्टचा दुसरा रविवार डोस्टलांचा झाला. त्या काळी नियम साधा होता. ज्याची टेबलं आधी मांडलेली, निवारा त्याचा. उद्यानाचं फाटक पहाटे चारला उघडायचं आणि चार वाजून पाच मिनिटांनी एमिलचा ट्रक माझ्या मागच्या बाजूला उभा राहायचा. तो टेबलांवर कापडं अंथरायचा आणि पायरीवर बसून सगळे येईपर्यंत राखण करायचा. तो थकल्यावर ते काम त्याच्या थोरल्या मुलाकडे, लव्हर्नकडे आलं.

माझे चांगले दिवस तेच. रविवारी तळ्यावर वल्ह्यांच्या तीस होड्या असायच्या. धक्क्यावर म्हातारे ब्लूगिल मासे धरायचे आणि लांबी सांगताना हात जरा जास्तच पसरायचे. हिवाळ्यात माझ्या शेजारच्या उतारावरून पोरं घसरगाड्या सोडायची आणि हात शेकायला माझ्या शेकोटीपाशी गर्दी करायची. वर्तमानपत्रात माझा फोटो आला होता. “राज्यातला सर्वांत देखणा निवारा” असं खाली छापलं होतं. कुणीतरी ते पान माझ्या खांबाला लावलं. पावसात भिजेपर्यंत ते राहिलं.

मग दिवस पालटले. सूर मारायचा लाकडी मनोरा काढून टाकला. वरच्या शेतांतलं खत वाहून यायला लागलं आणि उन्हाळ्यात तळं वाटाण्याच्या सुपासारखं हिरवं दिसायला लागलं. पोहू नका, अशी पाटी लागली. होड्या गेल्या आणि पायाने चालवायच्या प्लॅस्टिकच्या बोटी आल्या. माझ्या छपराला गळती लागली. कुणी माझ्या खांबांवर खिळ्याने नावं कोरली. मी काय करणार? दगडाला हात नसतात. उद्यानाचे रखवालदार दरवर्षी वर कळवायचे आणि वरून दरवर्षी पुढच्या वर्षी बघू असं यायचं. डोस्टल मात्र आले. साठ जण यायचे, कधी पंचेचाळीस, पण आले.

त्यांच्यात लव्हर्नची बायको अर्डिस हिला मी सगळ्यांत जवळून ओळखायचो. ठेंगणी, भराभर चालणारी बाई. टेबलांवरची लाल चौकड्यांची कापडं तिनेच शिवलेली. वाऱ्याने उडू नयेत म्हणून तिने प्रत्येक कोपऱ्यात ट्रॅक्टरच्या नटाखालची लोखंडी चकती शिवून टाकली होती. तिच्या हातच्या खसखस भरलेल्या गोड पावांसाठी, कोलाचेंसाठी, मुलं रांग लावायची.

एका वर्षी उद्यानाचा नियम बदलला. आता निवारा हवा असेल तर जानेवारीत, नव्या वर्षाच्या कामाच्या पहिल्या दिवशी सकाळी आठला कचेरीत फोन करायचा. जो आधी फोन करील त्याचं नाव लागणार. ठरलेल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी रखवालदार त्या नावाची चिठ्ठी माझ्या पुढच्या खांबाला लावणार. फाटकावर तशी पाटीही लागली. पण लव्हर्न पाट्या वाचणारा माणूस नव्हता. तो अंधारात यायचा, मागच्या बाजूने यायचा, आणि जागा तर त्याला मिळतच होती.

ती का मिळत होती, ते मला ठाऊक होतं.

त्या वर्षी शनिवारी संध्याकाळी अर्डिस एकटीच झाडू घेऊन आली. तिने मला कोपऱ्यापर्यंत झाडलं, मग पुढच्या खांबावरची चिठ्ठी काढली आणि घडी केली. तेव्हाचा रखवालदार माइलो वाटेवरून पाहत होता.

“अर्डिस, ती चिठ्ठी तुमच्याच नावाची आहे. काढतेस कशाला?”

“लव्हर्नला दिसायला नको.”

“त्याला ठाऊक नाही? अगं, मग तो उद्या पहाटे येणार.”

“येऊ दे की.”

“जागा तुमचीच आहे म्हणून सांग, झोपेल तरी बिचारा.”

“झोपेल आणि उठल्यावर काय करील?” अर्डिस म्हणाली. “वडिलांनी त्याला हे एकच काम सोपवलंय. तीन वाजता उठतो, माझी कॉफीसुद्धा करून ठेवतो. वर्षातला तेवढाच एक दिवस. ते मी माझ्या हाताने बंद करू?”

माइलो हसला. “नाहीतर त्याला अंडी सोलायला बसव.”

“त्याने सोललेली अंडी कधी पाहिलीस का? कोंबडी परत घेणार नाही.”

माझ्या शेकोटीच्या उजव्या हाताला सुक्या काटक्या ठेवायचा कोनाडा आहे. त्याच्या अगदी तळाशी तिने कॉफीचा रिकामा डबा ठेवला, त्यात चिठ्ठी टाकली आणि वर काटक्या रचल्या. पुढे दरवर्षी तेच. जानेवारीत फोन, शनिवारी झाडू, डब्यात चिठ्ठी. रविवारी पहाटे लव्हर्न यायचा, कापडं अंथरायचा आणि पायरीवर बसून थर्मासमधली कॉफी प्यायचा. नऊला अर्डिस गाडीतून उतरली की तो म्हणायचा, “धरली बघ जागा.” ती म्हणायची, “तू होतास म्हणून.”

अशा चौदा चिठ्ठ्या झाल्या.

एका नोव्हेंबरमध्ये अर्डिस गेली. मला ते कसं कळणार? हिवाळ्यात इकडे कुणी फिरकत नाही. छपरावर बर्फ साठलं, एक वासा करकरला. जानेवारी आला आणि गेला. कचेरी तळ्याच्या पलीकडे आहे, तिथला फोन मला ऐकू येत नाही.

ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी झाडू आला नाही. माइलो कधीच निवृत्त झाला होता. क्रिस्टा नावाची नवी रखवालदार आली आणि पुढच्या खांबाला चिठ्ठी लावून गेली. चिठ्ठीवर क्विंतेरो असं नाव होतं.

रविवारी चार वाजून पाच मिनिटांनी ट्रक आला, नेहमीसारखा मागच्या बाजूने. लव्हर्न एकटाच उतरला. एका वर्षात तो दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. त्याने कापडांची पेटी उघडली आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. कापडं धुऊन, इस्त्री करून अर्डिसनेच ठेवलेली होती. मग त्याने एकेक कापड अंथरलं. चकत्या लाकडावर टक टक वाजल्या. पुढच्या खांबावरची चिठ्ठी त्याच्यापासून वीस पावलांवर होती. मित्रांनो, माझ्या अंगात इतके दगड आहेत, पण त्यातला एकही मला त्याच्यासमोर टाकता आला नाही. तो पायरीवर बसला. तळ्यावरून उजाडायला लागलं. त्याने थर्मास आणला नव्हता.

आठला त्याची मुलगी जॅनेल आली, मागोमाग धाकटा भाऊ डेल्बर्ट आला. डेल्बर्टने टेबलांवरून नजर फिरवली.

“लव्हर्न, हे कापड उलटं अंथरलंयस. शिवण वर आलीय. अर्डिसने पाहिलं असतं तर आज तुला उपाशी ठेवलं असतं.”

बोलून झाल्यावर त्याची त्यालाच जीभ चावावीशी वाटली असणार. लव्हर्न उठला आणि कापड सुलटं केलं.

“बाबा, बसा तुम्ही,” जॅनेल म्हणाली. “मी करते.”

“नको. आज सगळं तिच्या वेळेसारखं व्हायला हवं. तेवढं झालं की झालं.”

नऊपर्यंत बाकीचे डोस्टलही जमले. साडेनऊला आणखी तीन गाड्या आल्या. फुगे, बर्फाच्या पेट्या, मोठमोठी पातेली. पांढऱ्या झालरीच्या झग्यात एक तान्हं बाळ. गावातल्या मांसाच्या कारखान्यात काम करणारी ही माणसं, चर्चमध्ये बाळाचा बाप्तिस्मा करून सरळ इकडे आली होती. पुढे बाळाची आई होती, येसेनिया. तिने टेबलं पाहिली, मग खांबावरची चिठ्ठी पाहिली.

“गुड मॉर्निंग. आज हा निवारा आम्ही घेतलाय.”

“चूक झालीय तुमची,” लव्हर्न शांतपणे म्हणाला. “मी इथे चारपासून आहे.”

“पण मी जानेवारीत फोन केला होता. हे बघा नाव.”

लव्हर्न पहिल्यांदाच पुढच्या खांबापाशी गेला. चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून त्याने चिठ्ठी वाचली.

“हे काय असतं? चौसष्ट वर्षं आम्ही इथे जेवतोय. ती कमान दिसते? माझ्या बापाने बसवलीय ती. आम्ही कधी फोन केला नाही. पहाटे येतो, बसतो, जागा मिळते.”

डेल्बर्ट पुढे सरसावला. “फोनवर टेबलं धरायची? उद्या फोनवर जेवाल!”

“काका, थांबा हो,” जॅनेलने त्याचा दंड धरला.

क्रिस्टाला बोलावलं गेलं. बिचारी पळत आली. तिने वही काढली आणि खाली मान घालून म्हणाली, “मिस्टर डोस्टल, यांचीच जागा आहे. नियम जुना आहे. तुमच्या घरून दरवर्षी फोन यायचा, ए. डोस्टल नावाने. या वर्षी आला नाही. मला वाटलं, तुम्ही आता येत नसाल.”

“आमच्याकडून कुणी फोन करत नव्हतं,” लव्हर्न म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “मी यायचो. मी जागा धरायचो.”

 दोन्हीकडची माणसं पातेली हातात धरून उभी. आणि मित्रांनो, तो डबा माझ्या पोटात होता, त्याच्या हातापासून दहा पावलांवर. सांगावं तरी कसं? आणि सांगावं तरी का? तिने चौदा वर्षं जपलेली गोष्ट उघडी पडली तर त्याचं काय होईल, तेही मला ठाऊक नव्हतं.

येसेनियाची सासू म्हातारी होती आणि तिला इंग्रजी येत नव्हतं. ही सगळी बोलाबोली तिला कळत नव्हती. तिला पातेली गरम करायची होती. ती शेकोटीपाशी गेली आणि कोनाड्यातल्या काटक्या उपसू लागली. काटक्या संपल्या तसा गंजका डबा हाती लागला. तिने झाकण काढलं, आत पाहिलं आणि डबा सुनेकडे आणून दिला.

येसेनियाने वरची चिठ्ठी उलगडली, मग दुसरी, मग तिसरी.

“डोस्टल,” ती म्हणाली. “डोस्टल. सगळ्या डोस्टलच आहेत. हे तुमचंच ना?”

लव्हर्नने डबा घेतला. चिठ्ठ्यांच्या कडा उंदरांनी कुरतडल्या होत्या, पण अक्षरं शाबूत होती. प्रत्येकीवर तारीख. प्रत्येकीवर ए. डोस्टल. त्याने चौदाही वाचल्या, एकही सोडली नाही.

जॅनेलने तोंडावर हात धरला. “बाबा, आई हॉस्पिटलमध्ये म्हणत होती. दोनदा म्हणाली, जानेवारीत फोन करा, जानेवारीत फोन करा. आम्हाला वाटलं, औषधाच्या गुंगीत बोलतेय.”

“मी तिला म्हटलं होतं,” लव्हर्न म्हणाला, “फोन करतो हं, झोप आता.”

मग त्याने चिठ्ठ्या परत डब्यात ठेवल्या, डोक्यावरची टोपी काढली आणि येसेनियाला म्हणाला, “बाई, जागा तुमची आहे. माझं चुकलं.”

“तुम्हीही बसा ना,” ती म्हणाली. “टेबलं पुष्कळ आहेत.”

“नको. आज बाळाचा दिवस आहे.”

डेल्बर्ट कापडं गोळा करायला गेला तसं लव्हर्नने त्याला अडवलं. “राहू दे ती. उघड्या टेबलांवर बाप्तिस्म्याचं जेवण बरं दिसत नाही.”

डोस्टल खाली तळ्याकाठी ओकच्या झाडांखाली गवतावर जेवले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्याखाली नव्हते. वरून मला त्यांची भांडी ऐकू येत होती, हसणं फारसं ऐकू आलं नाही. संध्याकाळी लव्हर्न कापडं न्यायला आला, तेव्हा ती घडी करून रचलेली होती आणि वर केळीच्या पानात उकडलेले मक्याच्या पिठाचे गरम तमालेस होते. बाकी सगळे निघून गेले होते. तो डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसला.

“चौदा वर्षं,” तो म्हणाला. “एकदा तरी सांगायचंस.”

त्याने ते कुणाला म्हटलं, ते तुम्हाला कळलंच असेल. तिथे मीच होतो आणि मला उत्तर देता येत नाही. तिने का सांगितलं नाही ते मी ऐकलं होतं, एकेक शब्द. झोपेल आणि उठल्यावर काय करील? ते वाक्य माझ्या दगडांत होतं आणि तिथेच राहिलं. जाताना त्याने डबा कोनाड्यात होता तिथेच ठेवला.

त्या हिवाळ्यात करकरणारा वासा मधोमध चिरला. वसंतात एक माणूस येऊन पाहून गेला. नवं छप्पर घालायला पैसे नाहीत, असं तो क्रिस्टाला म्हणाला. वाशाखाली एक कच्च्या लाकडाचा टेकू लावून दिला. तो किती ऑगस्ट टिकेल ते मला माहीत नाही.

ऑगस्टचा दुसरा शनिवार आला. संध्याकाळी क्रिस्टाने खांबाला चिठ्ठी लावली. ए. डोस्टल. थोड्या वेळाने ट्रक आला, या खेपेला पुढच्या बाजूने. लव्हर्न उतरला तो हातात झाडू घेऊन. त्याने मला झाडलं. नीट नाही झाडलं, कोपरे तसेच राहिले, पण झाडलं. मग चिठ्ठी काढली, चार घड्या केल्या आणि डब्यात टाकली. वर काटक्या रचल्या.

रविवारी चार वाजून पाच मिनिटांनी तो पुन्हा आला, नेहमीसारखा मागच्या बाजूने. कापडं अंथरली. शिवण खाली आहे ना, ते बोटाने चाचपून पाहिलं. पायरीवर बसला आणि थर्मास उघडला. कुणापासून जागा राखायची नव्हती, तरी तो नऊपर्यंत हलला नाही.

जॅनेल गाडीतून उतरली. पुढचा खांब रिकामा होता. त्यावर चिठ्ठी लावलेल्या चिकटपट्टीचे तुकडे मात्र तसेच होते. तिने त्या तुकड्यांकडे पाहिलं, मग बापाकडे.

“धरली बघ जागा,” तो म्हणाला.

ती त्याच्याशेजारी पायरीवर बसली. “तुम्ही होतात म्हणून, बाबा.”

मित्रांनो, माझ्याकडे याल तेव्हा माझ्या खांबांवर नावं कोरू नका. शेकोटीत बाटल्या फोडू नका. काटक्या संपवल्यात तर चार काटक्या पुढच्यासाठी ठेवून जा. आणि घरी गेल्यावर एकदा बघा, तुमची टेबलं कोण धरून ठेवतंय. ते माणूस उठून चालत आहे तोवर बघा. त्याला विचारा आणि त्याचं ऐका, ते गुंगीत बोलतंय असं वाटलं तरी ऐका. मी सगळं पाहिलं होतं, सगळं ऐकलं होतं, आणि माझ्याने एक शब्द बोलवला नाही. मी दगडाचा आहे. तुम्ही नाही.